पेंढ्याचं घर भूकंपात टिकतं का? पाकिस्तानातली एक केस, पायापासून छपरापर्यंत

पेंढ्याच्या घराबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या कुणाच्या तरी टुमदार फार्महाऊसबद्दल असतं, मोठमोठ्या खिडक्या, कोनाड्यात ठेवलेली कुंडी वगैरे, आणि ते वाचून आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात, एक 'वा, काय इको-फ्रेंडली' आणि दुसरी 'उंदीर लागतील की हो'. दोन्हींमध्ये घर उभं कसं राहतं हा मुद्दाच येत नाही. म्हणून मी मुद्दाम अशी केस घेतलीये जिथे हौस नव्हती, पैसा नव्हता, रस्ता नव्हता, थंडी तोंडावर आली होती आणि जमीन नुकतीच हादरून गेली होती. उत्तर पाकिस्तान, २००५ नंतरचा काळ.

आधी परिस्थिती सांगतो. ८ ऑक्टोबर २००५, सकाळी ८ वाजून ५० मिनिटांनी ७.६ तीव्रतेचा भूकंप, केंद्र मुझफ्फराबादजवळ. शनिवार होता, शाळा भरलेल्या होत्या. पाकिस्तानात ७३ हजारांच्या वर माणसं गेली, साधारण ३० लाख बेघर झाली, बालाकोट गाव तर जवळपास पूर्ण आडवं झालं. आता एवढी माणसं भूकंपाने मारली असं आपण म्हणतो खरं, पण मारलं ते भिंतींनी आणि छतांनी. डोंगरातली घरं नदीच्या गोट्यांची, मातीत रचलेली, वर लाकडं टाकून मातीचं जड छप्पर. काही ठिकाणी सिमेंटचे ठोकळे आणि वर स्लॅब, पण ठोकळ्यात सिमेंट नावाला आणि सळई त्याहून नावाला.

हे वर्णन लातूर-धाराशिव भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६, किल्लारी. तीव्रता ६.२ म्हणजे काश्मीरच्या मानाने बराच लहान भूकंप, तरी सरकारी आकडाच आठ हजारांच्या जवळ जातो. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत, आतली रांग वेगळी आणि बाहेरची रांग वेगळी, मध्ये खडी-माती भरलेली, दोन्ही रांगांना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर माळवदाचा फूट-दीड फूट मातीचा थर. हादरा बसला की बाहेरची रांग बाहेर, आतली आत, आणि माळवद खाली. भिंत जाड म्हणजे घर मजबूत हा आपला शेकडो वर्षांचा समज त्या पहाटे संपला.

तर पाकिस्तानातला प्रश्न असा होता. सरकारने घर पूर्ण पडलेल्यांना १ लाख ७५ हजार पाकिस्तानी रुपये हप्त्याहप्त्याने द्यायचं ठरवलं, अट अशी की घर भूकंपरोधक पद्धतीने बांधायचं. अट बरोबरच आहे. पण भूकंपरोधक म्हणजे सुरुवातीला सगळ्यांच्या डोक्यात सिमेंट, सळई, विटा किंवा ठोकळे एवढंच, आणि हे सगळं खालच्या मैदानातून ट्रकने वर आणायचं, ट्रक जिथे थांबतो तिथून पुढे खेचरावर नाहीतर पाठीवर. शिवाय ठोकळ्याची सहा-आठ इंची भिंत हिमालयाच्या थंडीत म्हणजे काय हे तिथे राहणाऱ्यालाच विचारा. जुनं दगडाचं घर भूकंपात वाईट होतं पण जाडीमुळे निदान थोडी ऊब धरायचं, नवीन ठोकळ्याचं घर हादऱ्यात टिकेल पण त्यात रात्रभर लाकूड जाळायला लागणार. आणि लाकूड कुठून येतं? त्याच डोंगरावरून, ज्याची माती आधीच सुटत होती.

म्हणजे एकाच घराकडून चार गोष्टी हव्या होत्या: हलकं पाहिजे, उबदार पाहिजे, स्वस्त पाहिजे आणि तिथल्या गवंड्याला जमलं पाहिजे. हे चारही एकत्र धरणं हा या केसचा खरा गाभा आहे, पेंढा हे त्यातून निघालेलं उत्तर. प्रश्नपत्रिका नीट वाचली नाही तर उत्तर फॅशन वाटतं.

डार्सी डोनोव्हन नावाच्या अमेरिकन स्ट्रक्चरल इंजिनिअर भूकंपानंतर तिथे गेल्या आणि त्यांनी पाक्सबॅब नावाची छोटी संस्था काढली. पेंढ्याच्या गठ्ठ्यांची घरं अमेरिकेत नवी नाहीत, नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लोकांनी नाइलाजाने सुरू केली, झाडं नाहीत, माती वाळूची, पण घोड्यांवर चालणारं गठ्ठे बांधायचं मशीन, म्हणजे बेलर, नुकतंच आलेलं, मग गठ्ठेच विटांसारखे रचले. तिथल्या आर्थर गावातलं १९२८ चं चर्च असंच बांधलेलं आहे आणि अजून उभं आहे. फ्रान्समध्ये माँतार्जी इथे १९२० सालचं लाकडी चौकटीत गठ्ठे भरलेलं घर आहे, तेही शंभरी ओलांडून गेलं. तेव्हा टिकाऊपणाचा पुरावा होता. पण अमेरिकन पद्धत उचलून पाकिस्तानात ठेवता येत नव्हती, कारण तिथे बेलर नाही, तयार मापाचं लाकूड नाही, गिलाव्याखाली मारायची लोखंडी जाळी महाग, आणि इंजिनिअर रोज साइटवर येणार नाही.

इथून पुढचे निर्णय मला फार आवडतात, कारण प्रत्येक निर्णयात 'हे वर कोण नेणार आणि मोडलं तर कोण दुरुस्त करणार' हा विचार दिसतो.

पहिला निर्णय गठ्ठ्याचा. मशीन नाही तर हाताने करायचा. लोखंडी पेटी, म्हणजे साचा, तो तिथल्याच वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून घेतलेला. पेटीत आधी दोऱ्या आडव्या टाकून ठेवायच्या, मग गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा मुठीमुठीने भरायचा, पायाने दाबायचा, परत भरायचा, पेटी काठोकाठ झाली की वर फळी ठेवून शेतावर गाडी-ट्रॉली उचलायला वापरतात तसला जॅक लावायचा आणि दांडा मारत राहायचं. पेंढा कुरकुरत खाली बसतो, मग दोऱ्या ओढून गाठ मारायची आणि जॅक सोडायचा. जॅक सोडल्यावर गठ्ठा थोडा फुगतो आणि त्यावरच दोरीची गाठ पक्की आवळते, इथे गाठ सरकली तर सगळी मेहनत वाया. निघालेला गठ्ठा अमेरिकन गठ्ठ्यापेक्षा लहान, एका माणसाला आरामात उचलता येईल असा. लहान असल्याने भिंत जरा कमी जाडीची होते, इन्सुलेशन थोडं कमी होतं, पण खोली मोठी राहते आणि बाया-माणसं सगळी कामाला लागू शकतात. मला तर हे पटलं.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण आपल्याकडे लगेच घोळ होतो. घराला लागतं ते काड किंवा पेंढा, म्हणजे दाणे काढून उरलेली पोकळ कोरडी काडी. हिरवं गवत किंवा वैरण नाही. वैरणीत खायला काहीतरी असतं म्हणून जनावर खातं, आणि जनावर जे आवडीने खातं तेच बुरशी आणि किडाही खातो. कडबा रचून घर करतो म्हणाल तर माझा हात जोडून नमस्कार, शिवाय आजच्या कडब्याच्या भावात तुमची म्हैसच तुम्हाला घराबाहेर काढेल.

दुसरा निर्णय पायाचा. काँक्रीटचा पाया करायचा तर परत सिमेंट-सळई वर न्यायला लागणार. म्हणून खडीच्या पिशव्या. भाजी-बटाट्याच्या पोत्यांसारख्या जाळीदार पिशव्यांत खडी भरून त्या चरात रचायच्या आणि भोवती माती-सिमेंटचं मिश्रण ठोकून बसवायचं. खडीचा फायदा दुहेरी. एक तर खालची ओल केशाकर्षणाने वर चढत नाही कारण खडीच्या मधल्या फटी मोठ्या असतात, आणि दुसरं म्हणजे हादऱ्यात पाया थोडा हलू शकतो, कडक काँक्रीटसारखा तडकून दोन तुकडे होत नाही.

तिसरा निर्णय माझ्या मते या सगळ्या घराचा जीव आहे, आणि तो म्हणजे मासे धरायचं नायलॉनचं जाळं. हो, तेच. पायाच्या खालून जाळं अंथरायचं, मग पाया, त्यावर गठ्ठ्यांचे थर सांधे मोडून रचत जायचं, माथ्यावर लाकडी पट्टी बसवायची, आणि खालून आलेलं जाळं भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही अंगाने वर ओढून ताणून त्या पट्टीला ठोकायचं. म्हणजे पाया, भिंत आणि माथा हे तीन वेगळे तुकडे राहत नाहीत, एका पिशवीत घातल्यासारखे होतात. किल्लारीच्या भिंतीत जे नव्हतं ते नेमकं हेच, दोन अंगांना धरून ठेवणारं काहीतरी. नायलॉन गंजत नाही, वजनाला काही नाही, बाजारात कुठेही मिळतं, आणि मातीचा गिलावा त्या भोकांतून पेंढ्यात घुसून पकडतो त्यामुळे वेगळी लोखंडी जाळी लागत नाही. एका वस्तूत दोन कामं. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात पहिल्या पानावर हे सुचणार नाही, बाजारात फिरल्यावर सुचतं.

यात लाकडी खांब नाहीत, छपराचं वजन गठ्ठेच घेतात. याला लोडबेअरिंग म्हणतात, नेब्रास्कातली जुनी पद्धत तीच. छप्पर मात्र हलकं, लाकडी कैच्या आणि पत्रा. लोडबेअरिंगमध्ये एक पथ्य कडक पाळावं लागतं, खिडक्या-दारं मर्यादेत. भिंतीची अर्ध्याहून जास्त लांबी उघडी ठेवली तर मग ती भिंत राहत नाही, खांब होतात, आणि पेंढ्याचा खांब काही कामाचा नाही. शिवाय वजन आलं की गठ्ठे थोडे दबतात, म्हणून छप्पर चढवून भिंत बसू द्यायची आणि मगच गिलावा करायचा, घाई केली की आडव्या भेगा नक्की.

आता वजनाचा ढोबळ हिशोब करून दाखवतो, सगळा खेळ त्यातच आहे. दोन फूट जाड दगडी भिंतीचा एक चौरस मीटर धरला तर तो १३०० किलोच्या आसपास जातो. पेंढ्याच्या एक-सव्वा फुटी भिंतीचा चौरस मीटर धरा, गठ्ठे साधारण ४० किलो, दोन्ही बाजूंचा मातीचा गिलावा शंभरेक किलो, म्हणजे १४०-१५०. नऊपट हलकी. भूकंपात भिंतीवर येणारा जोर हा तिच्याच वजनाच्या प्रमाणात असतो, म्हणजे जमीन तेवढीच हलली तरी पेंढ्याच्या भिंतीवर नववा हिस्सा जोर. त्यात पेंढा वाकतो, दबतो, परत येतो, दगड यातलं काही करत नाही.

पण हिशोब कागदावर. तिथल्या लोकांनी विचारलं असेलच की बाई, हे पडणार नाही कशावरून? म्हणून मार्च २००९ मध्ये अमेरिकेत नेवाडा विद्यापीठाच्या रेनो इथल्या प्रयोगशाळेत पूर्ण आकाराचं घर बांधून शेक टेबलवर ठेवलं. शेक टेबल म्हणजे खऱ्या भूकंपाची नोंद जशीच्या तशी वाजवणारं हायड्रॉलिक व्यासपीठ. घर १४ फूट बाय १४ फूट, उंची १० फूट, तेच जाळं, त्याच खडीच्या पिशव्या, तोच मातीचा गिलावा. कॅलिफोर्नियातल्या १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपाची कनोगा पार्क इथली नोंद घेऊन हादरे वाढवत नेले, शेवटी मूळ नोंदीच्या दुप्पट, म्हणजे ०.८२ जी. सोप्या भाषेत, घराच्या वजनाच्या ८२ टक्के एवढा जोर आडवा. घर जोरात हेलकावलं, कोपऱ्यांना-सांध्यांना तडे गेले, धुळीचा आणि काडीचा लोट उडाला, आणि घर उभं राहिलं. नंतर राहण्यासारखं होतं का यावर वाद घालता येईल, पण आतली माणसं चालत बाहेर आली असती हे नक्की, आणि गरिबाच्या घराकडून भूकंपात तेवढंच मागायचं असतं.

या चाचणीचं एक वैशिष्ट्य लोक विसरतात. प्रयोगशाळेत बहुतेक वेळा बाजारात विकायचा माल तपासतात. इथे खेड्यातल्या हाताने केलेल्या गठ्ठ्याचं घर तपासलं, ज्याचं पेटंट घेऊन कुणी पैसे कमावणार नाही.

आता एनर्जीचा भाग, ज्यासाठी बहुतेक लोक हा विषय उघडतात. पेंढ्याच्या गठ्ठ्यातून उष्णता जायला कठीण, कारण काडीत आणि काड्यांच्या मध्ये हवा अडकलेली. एक फूट जाडीच्या गठ्ठ्याचा यू-व्हॅल्यू, म्हणजे भिंतीतून उष्णता किती निसटते त्याचा आकडा, कमी तेवढा चांगला, ०.२ च्या आसपास येतो. आपल्या नेहमीच्या ९ इंची विटेच्या भिंतीचा २ च्या आसपास. म्हणजे दहावा हिस्सा. बाहेर शून्य आणि आत १८ डिग्री असेल तर विटेच्या भिंतीतून जेवढी ऊब निसटते त्याच्या दहाव्या भागात काम भागतं, आणि आतल्या बाजूचा मातीचा जाड गिलावा दिवसा ऊब पिऊन रात्री हळूहळू सोडतो, हे पेंढ्याला एकट्याला जमत नाही. इन्सुलेशन आणि जडपणा यांची जोडी लागते, आणि इथे ती फुकटात मिळते.

पण, आणि हा पण मोठा आहे, भिंत कितीही भारी असली तरी पत्र्याखाली काही नसेल तर सगळी ऊब वरून जाते. भिंतीच्या माथ्याशी आणि छपराच्या मध्ये दोन बोटं फट राहिली तरी थंड वारा आत, आणि मग 'पेंढ्याचं घर गार पडतं' अशी बदनामी. माथ्याची फट बुजवणं हे शेवटच्या दिवशी, सगळे दमलेले असताना करायचं काम असतं त्यामुळे ते नेहमी राहतं. दुसरी बाजू धुराची. उबदार, फटी बुजवलेल्या घरात उघडी चूल पेटवली तर धूर जाणार कुठे? चिमणी नसेल तर एनर्जी वाचली आणि छाती गेली. चिमणीचा खर्च घराच्याच खर्चात धरायचा, नंतर बघू म्हणायचं नाही.

ओल हा तर पेंढ्याचा खरा शत्रू, आगीपेक्षा कितीतरी मोठा. आगीचं सांगतो आणि सोडतो: दाबलेल्या गठ्ठ्यात हवा खेळत नाही, त्यावर गिलावा, त्यामुळे ते भपकन पेटत नाही, अमेरिकेतल्या २००७ च्या चाचण्यांत मातीचा गिलावा केलेली भिंत एक तास आणि चुना-सिमेंटची दोन तास टिकली. धोका असतो तो बांधकाम चालू असताना, खाली पसरलेल्या सुट्या काडीला, आणि बिडी ओढणारा माणूस साइटवर असतोच. रोज संध्याकाळी झाडून काढा, संपलं.

ओलीचं तसं नाही. पेंढ्यात ओल २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी, मग कूज, आणि ती गिलाव्याच्या मागे होते म्हणून दिसत नाही. यावरचा उपाय रसायन नाही, घराचा आकार आहे. जोतं उंच, म्हणजे पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून उडतं ते गठ्ठ्यापर्यंत पोचू नये. वळचण भरपूर बाहेर. खिडकीखाली उतार दिलेली फळी, कारण बहुतेक कूज खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातूनच सुरू होते. आणि भिंतीला श्वास घेता आला पाहिजे. आपल्याकडचा माणूस इथे हमखास चुकतो, माती कच्ची वाटते म्हणून वरून सिमेंटचं प्लास्टर आणि त्यावर ऑइल पेंट. सिमेंटला बारीक चीर पडते, चिरेतून पाणी आत जातं, बाहेर यायला वाट नाही, आणि दोन-चार पावसाळ्यांनी आतला गठ्ठा खताचा होतो. माती किंवा चुना ओल घेतात आणि सोडतात. मातीत चिरलेलं काड कालवून आठ-दहा दिवस भिजत घातलेला चिखल, पहिला थर पातळ लिंपून हाताने पेंढ्यात दाबायचा, जाळ्याच्या भोकातून बोटं आत गेली पाहिजेत, दुसरा थर जाड आणि तिसरा सारवणासारखा. हे काम आपल्या आज्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

खर्चाचं बोलू. पाक्सबॅबच्या म्हणण्यानुसार तिथल्या नेहमीच्या भूकंपरोधक बांधकामाच्या जवळपास निम्म्यात हे घर होत होतं. मला हा आकडा पटतो, पण त्यात एक मेख आहे. पेंढा स्वस्त आणि मजुरी जास्त अशी ही पद्धत आहे. घरचे चार हात राबले तर निम्मं, सगळी मजुरी रोजंदारीवर लावली आणि वर शहरातला आर्किटेक्ट आणला तर पेंढ्याचं घर विटेच्या घराइतकंच जातं, कधी जास्तच. अमेरिकेत तर भिंत हा घराच्या एकूण खर्चातला लहान भाग असतो, त्यामुळे तिथे पेंढ्याने फार पैसे वाचतात असं नाही, बिल वाचतं ते हीटिंगचं.

एवढं सगळं चांगलं तर मग पसरलं का नाही? घरं बांधली गेली, लोक राहायला गेले, गवंड्यांना शिकवलं, पण संख्या मोजकीच राहिली. त्याच भागात धज्जी देवारी नावाची जुनी काश्मिरी पद्धत आहे, लाकडाची बारीक चौकट, तिरपे आडवे तुकडे, मध्ये दगड-माती भरून बारीक भिंत. सुरुवातीला अनुदानासाठी मान्य बांधकामांच्या सरकारी यादीत तीही नव्हती, पण तिची जुनी घरं भूकंपात उभी राहिलेली लोकांनी स्वतः बघितली आणि यादीची वाट न बघता बांधायला लागले, मग सरकारने तिला मान्यता दिली आणि ती लाखाच्या घरात गेली. धज्जी काही पेंढ्यापेक्षा उबदार नाही. पण ती आजोबांची होती, सुताराला हात बसलेला होता, आणि मुख्य म्हणजे तिच्यासाठी अनुदानाचा हप्ता मिळायचा. माझ्या मते या केसमधून शिकायचं असेल तर हे: शेक टेबलवर पास होणं आणि हप्ता देणाऱ्या माणसाच्या यादीत असणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, आणि घरवाल्याला दुसरी जास्त महत्त्वाची. अमेरिकेत सुद्धा पेंढ्याच्या बांधकामाचा भाग घरांच्या मॉडेल कोडमध्ये, म्हणजे नमुना बांधकाम नियमावलीत, परिशिष्ट म्हणून आला तो २०१५ च्या आवृत्तीत, नेब्रास्कातल्या पहिल्या घरांनंतर शंभराहून जास्त वर्षांनी, आणि तोपर्यंत प्रत्येकाला आपापल्या गावच्या ऑफिसात जाऊन साहेबाला पटवत बसायला लागायचं.

किल्लारीत उलटं झालं होतं. यादी होती, पैसा होता, जागतिक बँकेचं कर्ज होतं, गावंच्या गावं नव्या जागी वसवली. घरं भूकंपाला मजबूत, पण पातळ भिंत आणि उघडा स्लॅब, त्यात लातूरचा मे महिना. माळवदात जी सावली-गारवा होता तो गेला, लोकांनी पुढे पत्र्याचे मांडव काढले, जुन्या दगडांची भीती होती म्हणून दगडाकडे कुणी वळेना. भूकंप आणि ऊन हे दोन प्रश्न एकत्र सोडवायचेच नाहीत असं जणू ठरलेलं. म्हणून मला पाकिस्तानची ही छोटी केस मोठी वाटते.

आपल्याकडे मग हे करायचं का? सगळीकडे नाही. कोकणात लोडबेअरिंग पेंढा नको, चार महिने हवेतच एवढी ओल असते की गठ्ठा कोरडा राहणं मुश्कील. भंडारा-गोंदियाकडे भाताचा पेंढा भरपूर, उन्हाळा भाजून काढणारा, पाऊसही चांगला, तिथे फ्रेमचं घर आणि मोठी वळचण असेल तर विचार करण्यासारखं आहे. मराठवाड्यात हवा सगळ्यात योग्य, पण काड आधी जनावराला लागतं, तेव्हा गठ्ठे बाहेरून आणावे लागतील आणि ट्रकभर हवा वाहून आणण्याचं भाडं द्यावं लागेल. उसाच्या पाचटाचं मला बरेच जण विचारतात, बेलर पाचटाचे गठ्ठे करतो हे खरं, पण पाचट म्हणजे पान, पोकळ काडी नव्हे, दाबल्यावर चुरा होतो, मला त्याचा भरवसा नाही. आणि वाळवी. पाकिस्तानच्या थंड डोंगरात जे चाललं ते आपल्या काळ्या मातीत चालेलच असं नाही, जोत्यात वाळवीची ट्रीटमेंट आणि पत्र्याची पट्टी घातल्याशिवाय पहिला गठ्ठा ठेवायचाच नाही. काळी माती फुगते-आटते म्हणून खडीच्या पिशव्यांचा पाया पण जसाच्या तसा उचलू नका, आधी मुरूम लागेपर्यंत खणा.

शिवाय आपला प्रश्न उलटा आहे, ऊब धरायची नाही, ऊन अडवायचंय, आणि ऊन सगळ्यात जास्त वरून येतं. घरांसाठीच्या आपल्या इको निवास संहितेच्या २०१८ च्या आवृत्तीत छताचा यू-व्हॅल्यू १.२ च्या आत हवा असं म्हटलंय, उघड्या स्लॅबचा ३ च्या वर असतो. त्यामुळे बजेट मर्यादित असेल तर माझा सल्ला, पेंढ्याची भिंत राहू द्या, आधी छत सुधारा. दोन्ही परवडत असेल तर मग खुशाल.

लातूर भागात कुणी बांधायचंच म्हणत असेल तर मी लोडबेअरिंग करणार नाही. बँकेला आणि नगररचनावाल्यांना समजेल अशी आरसीसी किंवा स्टीलची फ्रेम, नकाशात गठ्ठे फक्त भरणीची भिंत म्हणून, म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही मिळते. जोतं किमान दोन फूट, वळचण तीन फूट, पश्चिमेला व्हरांडा, बाथरूम आणि मोरीच्या भिंती विटेच्याच, पाण्याची एकही पाइप गठ्ठ्यातून न्यायची नाही असं प्लंबरला लिहून द्यायचं. काम दिवाळीनंतर सुरू, रब्बीच्या काढणीच्या वेळी फ्रेम आणि छप्पर तयार पाहिजे म्हणजे गव्हाचं काड थेट शेतातून छपराखाली, आणि गिलाव्याचे तिन्ही थर मे संपायच्या आत वाळलेले. पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या भिंतीत गिलावा करतानाच खिडकीखाली दोन-तीन ठिकाणी नळी सोडून ठेवायची, पहिले दोन पावसाळे तिथून ओलीचा मीटर घालून बघत राहायचं. २० च्या वर आकडा अडकून बसला तर तेवढा गिलावा फोडायचा, गठ्ठा बदलायचा, आणि पाणी कुठून येतंय ते सापडल्याशिवाय परत बंद करायचं नाही.